दुसऱ्या आठवड्यातली सेवा

कोकण किनाऱ्याला वादळे नवी राहिलेली नाहीत. नोव्हेंबर २००९मध्ये फयान आले. ३ जून २०२०ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले आणि रायगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ला, तौक्ते समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत गेले. ते जमिनीला टेकले गुजरातेत आणि तेही रात्री. पण जाता जाता त्याने वसईतल्या केळीच्या बागा झोपवल्या, झाडे विजेच्या तारांवर पाडली आणि अनेक गावांना अंधारात ठेवले. कोरोनाची दुसरी लाट तेव्हा भरात होती. शेजाऱ्याच्या घरात पाय ठेवायचा की नाही, असा प्रश्न पडावा असे ते दिवस होते.

मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने याच किनारपट्टीवर राहतो. वसईच्या वाड्या, पाचूबंदर, अर्नाळा, उत्तन आणि खाली रेवदंड्याजवळचे कोर्लई ही त्याची गावे. पुढचे वादळ येणार की नाही, ही चर्चा करण्यात अर्थ नाही. ते आल्यानंतर धर्मग्रामाने काय करावे, हे शांतपणे ठरवून ठेवता येते आणि ते ठरवायची वेळ आभाळ स्वच्छ असतानाची.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पहिले दोन दिवस कुणाला काही शिकवावे लागत नाही. तरुण कोयते घेऊन बाहेर पडतात, रस्ते मोकळे होतात, कुणाच्या तरी घरी खिचडीचे मोठे पातेले चढते. घोळ होतो तो दुसऱ्या आठवड्यापासून. वीज परत येते, मोबाईल चालू होतात, ज्यांचे फारसे नुकसान झालेले नसते ते कामाला लागतात आणि ज्यांचे छप्पर अजून ताडपत्रीवर आहे ते एकटे पडतात. धर्मग्रामाचे काम तिथे सुरू होते. तरी पहिल्या दोन दिवसांबद्दल चार गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण वादळाने न झालेल्या जखमा मदतीच्या उत्साहात होतात.

पडलेली तार मेलेली आहे असे कधीही गृहीत धरू नका. ओल्या जमिनीतून आणि लोखंडी कुंपणातून वीज दूरवर जाते. तारेखालच्या झाडाला हात लावण्याआधी महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि वायरमनने डीपीवरून पुरवठा तोडल्याचे स्वतः सांगेपर्यंत तिथे माणूस उभा करून रस्ता अडवा. ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांनी तो लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. नाहीतर तुमच्या जनरेटरची वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव घेते. जनरेटर बंद खोलीत किंवा गॅलरीतही चालवू नये, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसला तरी तो मारतो. सिमेंटच्या पत्र्यांवर पाय देऊन चढू नका, वादळानंतरचे कितीतरी अपघात छपरावरून पडण्याचे असतात. फुटलेल्या पत्र्याचे तुकडे कोरडे झाडू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असते, म्हणून पाणी मारून, तोंडाला मास्क लावून उचला. वाकून अडकलेले खोड कापणे हे अनुभवी लाकूडतोड्याचे किंवा अग्निशमन दलाचे काम आहे. ताण सुटला की ते खोड माणसाला उडवते. युवक मंडळाच्या पोरांना हे खडसावून सांगायला फादरांनी संकोच करू नये.

धर्मग्रामाचा हॉल उघडायचा तर आधी त्याची क्षमता मोजून ठेवा. आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी जगभर जे किमान माप मानले जाते ते माणशी साडेतीन चौरस मीटर जागा आणि दिवसाला १५ लिटर पाणी असे आहे. याचा अर्थ, ज्या हॉलमध्ये लग्नाला चारशे माणसे बसतात त्यात झोपायला शंभरसुद्धा मावत नाहीत. संडास किती, बायकांना कपडे बदलायला आडोसा कुठे, हे आधी पाहा. आणि एक साधी गोष्ट. हॉलमध्ये जनरेटरवर मोबाईल चार्ज करायची सोय ठेवली तर गावातली निम्मी माणसे दिवसातून एकदा तिथे येतात. कोण आले, कोण आले नाही, हे आपोआप कळते. वीज नसताना यापेक्षा चांगली हजेरी नाही.

कुणाच्या दारात जायचे

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन जी मंडळी सुरू केली, तिचे नाव पुढे संत विन्सेंट द पॉल यांच्यावरून पडले. आपल्या अनेक धर्मग्रामांत ती आजही काम करते. त्या तरुणांनी स्वतःला लावून घेतलेली शिस्त साधी होती. गरिबाला आपल्याकडे बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे. वादळानंतर ही शिस्त सोन्याच्या मोलाची ठरते. चर्चच्या आवारात टेबल मांडून मदत वाटली की धट्टेकट्टे, बोलके आणि जवळ राहणारे लोक येतात. ज्याचा पाय मोडला आहे, जी म्हातारी घर सोडायला घाबरते, ज्याला हात पसरायची लाज वाटते, तो येत नाही.

म्हणून लघु ख्रिस्ती समूहांच्या आळीवार याद्या काढा. एका जोडीकडे पंधरा-वीस घरे, जोडीत एक बाई असावीच. घरात गेल्यावर ‘काही हवं का?’ असे विचारू नका. या प्रश्नाला आपल्या समाजात एकच उत्तर मिळते: ‘नको, आमचं बरं आहे.’ त्याऐवजी विचारा, रात्री कुठे झोपलात? पाणी कुठून आणता? चूल कशावर पेटवली? गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? इन्शुलिन फ्रिजमध्ये होते, ते आता कुठे ठेवलेय? डायलिसिसची पुढची तारीख कधी? शेवटच्या तीन प्रश्नांना उशीर चालत नाही. १०८वर अँब्युलन्स बोलवायची वेळ येऊ नये म्हणूनच ते पहिल्या भेटीत विचारायचे.

आणि ही यादी चर्चच्या नोंदवहीपुरती ठेवू नका, कारण तिच्यातून हमखास सुटणारी माणसे कोण ते आपल्याला चांगले ठाऊक असते. एक, ज्यांची मुले आखातात किंवा कॅनडात आहेत ती बंगल्यात राहणारी म्हातारी जोडपी. बंगला मोठा दिसतो म्हणून कुणी आत जात नाही. दोन, चाळीत भाड्याने राहणारी कुटुंबे. नुकसानीचे पैसे मालकाला मिळतात आणि भिजलेले सामान भाडेकरूचे असते. तीन, वाडीत मजुरीला येणारे वारली आणि कातकरी. त्यांच्याविषयी पुढे जरा सविस्तर लिहिणार आहे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न चुकला नव्हता. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकूर जेरुसलेममध्ये उठली, ही हकिगत प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. तक्रार करणाऱ्यांना प्रेषितांनी गप्प बसवले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच भाषेच्या माणसांकडे वाटपाची चावी गेली असे दिसते. आपल्या वाटप समितीत पाड्यावरचा एक माणूस, चाळीतली एक बाई आणि कोळीवाड्यातला एक जण असेल तर निम्म्या तक्रारी मुळातच उगवणार नाहीत. सहसा समितीत असतात ते ट्रस्टी, निवृत्त शिक्षक आणि बँकेतले साहेब. त्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण पाड्यावर रात्री पाणी कुठून शिरले हे त्यांना माहीत नसते.

धर्म विचारायचा नाही

१९९४ साली रेडक्रॉस आणि काही मोठ्या मदतसंस्थांनी आपत्तीतल्या मदतीसाठी एक आचारसंहिता तयार केली. तिच्या पुरस्कर्त्यांमध्ये कॅरितास इंटरनॅशनॅलिस, लुथेरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होत्या, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. मदत देताना जात, पंथ, राष्ट्र पाहायचे नाही आणि मदतीचा उपयोग कुठल्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी करायचा नाही, ही त्या संहितेतली मूळ कलमे आहेत. म्हणजे हा नियम कुणी बाहेरून आपल्यावर लादलेला नाही, आपल्याच संस्थांनी तो स्वीकारला आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. पाकिटावर क्रूस छापू नका. तांदळासोबत पत्रक देऊ नका. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नका, पावती हवी तर वहीत सही घ्या. एखाद्या घराने स्वतःहून प्रार्थना करायला सांगितले तर जरूर करा. न सांगता हात जोडून उभे राहू नका, कारण ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो नको म्हणू शकत नाही. सध्याच्या वातावरणात ख्रिस्ती मदतीकडे संशयाने पाहणारे लोक आहेत, हे डोळे झाकून चालणार नाही. त्यावरचा उपाय म्हणजे एकटे न जाणे. ग्रामपंचायत, गावातले देवस्थान, मशिदीची कमिटी, मच्छीमार सोसायटी यांच्याबरोबर एकच यादी करा आणि घरे वाटून घ्या. एका घरात तीन ताडपत्र्या आणि शेजारच्या घरात एकही नाही, हा प्रकारही त्याने थांबतो.

काय द्यायचे, यावर फार वेळ घालवणार नाही. जुने कपडे गोळा करू नका, ते निवडण्यातच चार बाया आठवडाभर अडकतात. जाड ताडपत्री, नायलॉन दोरी, पत्र्याचे हुक आणि वॉशर, सॅनिटरी पॅड, मेणबत्त्यांपेक्षा सौरदिवे. धान्य बाहेरून ट्रकने आणण्याऐवजी गावच्या किराणा दुकानातून घ्या, त्याचेही दुकान भिजलेले असते. आणि शक्य तिथे सरळ बँक खात्यात पैसे द्या. माणसाला खिळे हवेत की वही, हे त्याला कळते.

पंचनामा

ज्या मदतीची किंमत तांदळाच्या पोत्याच्या कितीतरी पट असते आणि जिच्यासाठी धर्मग्रामाच्या खिशातून फारसे काही जात नाही, ती म्हणजे कागदांची मदत.

पहिली गोष्ट, साफसफाई करण्याआधी फोटो. पडलेले झाड तोडायची घाई प्रत्येकाला असते. पण तलाठी आणि कृषी सहाय्यक येईपर्यंत बाग स्वच्छ झाली असेल तर पंचनाम्यात लिहिणार काय? प्रत्येक बागेचे, घराचे, होडीचे तारीख दिसेल असे फोटो काढा. मालक त्यात उभा असू द्या आणि मागे ओळखू येईल अशी खूण असू द्या, विहीर, घर, शेजारचा खांब. नारळ किती, पोफळी किती, लोंगर धरलेल्या केळी किती, हे मोजून वहीत लिहा आणि शेजाऱ्याची सही घ्या. रस्ता अडवणारी झाडे मात्र फोटो काढून लगेच हटवा.

दुसरी गोष्ट, सातबारा. वसईच्या वाड्यांत ही खरी अडचण आहे. जमीन आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, एक भाऊ मुंबईत, एक ऑस्ट्रेलियात, बहिणींची नावे कुणी लावलीच नाहीत. बाग कसतो एक आणि उताऱ्यावर नावे अकरा. नुकसानभरपाई अशा वेळी सगळ्यांच्या संमतीपत्रावर अडते. वादळानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये एक टेबल मांडा. धर्मग्रामात वकील असतो, निवृत्त तहसील कर्मचारी असतो, संगणक चालवणारी कॉलेजची मुले असतात. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढून द्या, आधार आणि पासबुकाच्या प्रती काढा, संमतीपत्राचा मसुदा तयार ठेवा, परदेशातल्या भावाला व्हॉट्सअॅपवर तिथूनच फोन लावा. हे टेबल निदान दोन महिने दर रविवारी लागले पाहिजे, कारण खात्यात पैसे न आल्याच्या तक्रारी तेव्हाच सुरू होतात. कोळीवाड्यात हेच काम होडीची नोंदणी, परवाना आणि विम्याचे कागद घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाकडे करायचे असते. तौक्ते आले तेव्हा १ जूनची मासेमारीबंदी जेमतेम दोन आठवड्यांवर होती. हंगामाचे शेवटचे दिवस गेले आणि पुढचे दोन महिने तसेही रिकामे, अशी ती कोंडी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्यासाठी सरकार आहे, थोडे असेल, उशिरा येईल, पण आहे. ज्या वारली बाईची रोजी त्या वाडीतली केळी कापण्यावर, पाने खुडण्यावर, फुले तोडण्यावर होती, तिच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही. केळीची नवी लागण हाताशी यायला वर्ष जाते. नारळ-पोफळीला पाच-सात वर्षे. तोवर मालक कर्ज काढेल, मुलाच्या पगारावर भागवेल. ती काय करेल? म्हणून धर्मग्रामाच्या निधीतला पहिला रुपया बागाईतदाराला न जाता मजुराला जावा, असे माझे मत आहे. या मताने काही जण नाराज होतात हेही मला ठाऊक आहे. भीक नको असेल तर काम द्या. बागा साफ करणे, पडलेले ओंडके हलवणे, विहिरीतला पाचोळा काढणे, ही सगळी कामे युवक मंडळाने फुकट करण्यापेक्षा निधीतून रोजंदारी देऊन मजुरांकडून करून घ्यावीत. मुलांचा उत्साह पाण्याच्या बादल्या आणि फॉर्म भरण्यात वापरावा.

बागेबद्दल दोन शब्द. केळीची मुळे उथळ, खोड पाणीदार, पान रुंद आणि वर लोंगराचे ओझे, त्यामुळे ती पहिल्या झोताला जाते. पडलेले खोड कापून टाका, पण कांदा उखडू नका. बाजूचा एक जोमदार मुनवा ठेवून माती चढवली तर बाग पुन्हा उभी राहते. भरत आलेले लोंगर लगेच काढून विकायची सोय करा. सगळ्या गावाचा माल एकाच दिवशी बाजारात गेला तर भाव कोसळतो, तेव्हा टेम्पो एकत्र करून वेगवेगळ्या ठिकाणी पाठवणे हेही सेवेचेच काम. नारळ आणि पोफळीला वाढीचा एकच कोंब असतो. तो मोडला तर झाड गेले, त्याच्यावर खर्च करू नका. कोंब शाबूत असलेली लहान कललेली रोपे आठवड्याच्या आत सरळ करून बांबूचा टेकू द्या. आंब्याच्या चिरफाळलेल्या फांद्या साफ कापून बोर्डो पेस्ट लावा. शंका असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना एका संध्याकाळी हॉलमध्ये बोलवा.

ज्याने लावलेली झाडे गेली त्याच्याशी बोलायचे काय, हा प्रश्न फादर-सिस्टरांनाही पडतो. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य टाळा. वादळ कुठल्या पापाची शिक्षा होते, असले प्रवचन तर चुकूनही नको. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बिनसले ते बोलायला लागल्यावर. म्हातारा शेतकरी वाडीत खाटेवर बसून राहतो, जेवत नाही, दारू वाढवतो, असे दिसले तर दर दोन दिवसांनी कुणीतरी त्याच्याबरोबर चहा प्यायला जावे. महिना झाला तरी फरक नसेल तर डॉक्टरकडे न्यावे, यात लाज कसली.

पैशाचा हिशेब

परदेशातली मुले वादळाची बातमी कळताच पैसे पाठवायला निघतात. इथे सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे पाठवलेला पैसा कायद्याने विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याचा पैसा ठरतो, आणि तो विदेशी देणगी नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तोही दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठराविक खात्यातच घेता येतो. धर्मग्रामाची तशी नोंदणी नसेल तर देणगी धर्मप्रांताच्या नोंदणीकृत समाजसेवा संस्थेकडे वळवा. फादरांच्या किंवा ट्रस्टीच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही घेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

पौलाने जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती नेण्यासाठी तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस जोडून दिला, एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आहे. पौलाला ज्याची गरज वाटली त्याचा आपल्याला कमीपणा वाटू नये. जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती, एवढे दर महिन्याला मिस्सेनंतर वाचून दाखवा आणि फलकावर लावा. लाभार्थ्यांची नावे मात्र फलकावर नकोत.

शिल्लक उरली तर ती सणाच्या कार्यक्रमात वळवू नका. ताडपत्र्यांचा साठा, दोन चांगल्या दोऱ्या, प्रथमोपचाराच्या पेट्या, एक जनरेटर आणि तो चालवता येणारी दोन माणसे, एवढे त्यात बसते. उरल्या पैशात पाड्यावरच्या घरांचे पत्रे मेच्या आधी हुकांनी नीट आवळून घ्या आणि चर्चच्या आवारातल्या तारांवर झुकलेल्या फांद्या परवानगी काढून कापून टाका. घराघरांची यादी दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर नव्याने करा. माणसे मरतात, घर बदलतात, इन्शुलिन सुरू होते. जुन्या यादीवर विसंबून चुकीच्या दारात जाणे वादळाच्या रात्री परवडत नाही.